चार घास कमी, पण कोणत्या वाटेने?

गेल्या वर्षीच्या आपल्या वार्षिक स्नेहसंमेलनातील प्रसंग. भाषणे आटोपली होती, जेवणे चालू होती. एका व्यवसायबंधूच्या पत्नीने ताटातील श्रीखंडाच्या वाटीकडे पाहत आमच्या टेबलावरील तिघा डॉक्टरांना एक साधा प्रश्न विचारला, "भाऊजी, वजन उतरवायचे तर दिवसातून दोनदाच खावे, दर दोन तासांनी थोडे थोडे खावे, की सोळा तास तोंडात काहीच घालू नये?" आम्हा तिघांचा मिळून वैद्यकीय अनुभव शंभर वर्षांच्या पुढे जातो. तरीही त्यांना तीन निराळी उत्तरे मिळाली. एकाने पोळी-भात बंद करण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याने रात्रीचे जेवण सोडायला सांगितले. तिसऱ्याने, म्हणजे मी, "ते जरा सविस्तर सांगावे लागेल" असे म्हणून वेळ मारून नेली. वहिनी हसून म्हणाल्या, "तुमचे एकमत झाले की कळवा. तोवर मी हे श्रीखंड संपवते."

प्रस्तुत लेख म्हणजे त्या टाळलेल्या उत्तराची उशिरा केलेली परतफेड आहे. स्मरणिका डॉक्टरांच्या संस्थेची असली तरी ती घरोघरी वाचली जाते, हे ध्यानात ठेवून शक्य तेवढ्या सोप्या भाषेत लिहीत आहे. विषय स्थूलतेचा आहे आणि आपले गाव इंदूर आहे. ज्या गावात सकाळ पोहे-जिलबीने उजाडते आणि सराफ्यात रात्री बारा वाजताही गराडूच्या कढया उतरत नाहीत, त्या गावात या विषयावर लिहिणे म्हणजे लग्नघरी उपवासाचे व्याख्यान देण्यासारखेच आहे. तरीही लिहितो, कारण या विषयात माझ्या हातून एक चूक झाली आहे. प्रथम ती सांगतो.

एक रुग्ण आणि एक वाक्य

साधारण २००४ सालची गोष्ट. एका बँकेत रोखपाल असलेले एक गृहस्थ माझ्याकडे येत. वय पंचेचाळीस, वजन ९६ किलो, रक्तदाब वाढलेला, वडिलांना मधुमेह. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांच्या हाती १२०० उष्मांकांचा छापील आहारतक्ता ठेवला. तो तक्ता मी सर्वांनाच देत असे. बाई असो वा पुरुष, लिपिक असो वा हमाल, तक्ता एकच. गृहस्थ निष्ठावान होते. सहा महिन्यांत त्यांनी ९ किलो उतरवले आणि मी त्यांची पाठ थोपटली. पुढच्या सहा महिन्यांत त्यांतले सात किलो परत आले. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. मी वजनकाट्याकडे पाहून चारचौघांत म्हणालो, "तुम्ही चोरून खाता आहात. काटा खोटे बोलत नाही." ते काहीच बोलले नाहीत. फी ठेवली, नमस्कार केला आणि गेले. ते पुन्हा आले नाहीत.

चार वर्षांनी एका विवाहसमारंभात त्यांची भेट झाली. डोळ्याला गडद चष्मा होता. मधुमेह जडला होता, तो फार उशिरा कळला, आणि दृष्टिपटलात रक्तस्राव होऊन एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. मी विचारले, "मधल्या काळात आला का नाहीत?" ते शांतपणे म्हणाले, "वजन आणखी वाढले होते, डॉक्टरसाहेब. त्या अवस्थेत आपल्यासमोर कसे यावे, हेच कळेना."

त्या उत्तराने मला जे शिकवले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवले नव्हते. पुढील काही वर्षांत जी संशोधने वाचनात आली त्यांनी त्या शिकवणीला आकडे पुरवले. ते आकडेच आता क्रमाने मांडतो.

कमी म्हणजे किती?

वजन उतरवण्याच्या सर्व पद्धतींच्या मुळाशी एकच अट आहे. शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते त्याहून कमी ऊर्जा त्याला मिळाली पाहिजे. पद्धती निरनिराळ्या असतात त्या ही तूट कोणत्या मार्गाने साधायची, याबाबतीत.

आमच्या पिढीला एक सोपे गणित शिकवलेले होते. एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक असतात, तेव्हा रोज ५०० उष्मांक कमी केले की आठवड्याला सुमारे अर्धा किलो उतरेल. गणित सोपे आहे, पण ते चुकीचे आहे. या हिशेबाने वर्षाला सुमारे २४ किलो उतरायला हवेत आणि पाच वर्षांत माणूस नाहीसाच व्हायला हवा. प्रत्यक्षात वजन उतरू लागले की लहान झालेल्या देहाला चालण्या-बोलण्यालाही ऊर्जा कमी लागते, आणि तूट आपोआप आकसत जाते. अमेरिकेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये याचे सुधारित गणित मांडले. सामान्य माणसासाठी त्याचे सार असे : रोजच्या आहारात कायमची सुमारे २४ उष्मांकांची घट केली तर कालांतराने एक किलो वजन कमी होते. त्यातले निम्मे पहिल्या वर्षात, आणि जवळजवळ सर्व तीन वर्षांत.

म्हणजे रोज २४० उष्मांक कमी केले तर अखेर दहा किलो, पण पहिल्या वर्षी पाचच. जुन्या गणिताने पहिल्याच वर्षी अकरा किलोंचे आश्वासन दिले असते. वर्षाअखेर काटा पाचवर थांबलेला पाहून रुग्ण स्वतःला अपराधी मानतो आणि डॉक्टर त्याला लबाड मानतो. दोघांचाही दोष नसतो. दोष गणिताचा असतो. रोखपाल गृहस्थांना दिलेल्या तक्त्यामागे हेच गणित होते.

काय कमी करावे : तूप की भात?

स्निग्ध पदार्थ कमी करावेत की पिष्टमय, हा वाद जुना आहे. या वादावर मोठा प्रकाश पडला तो २००९ साली. बोस्टन आणि लुईझियानातील बॅटन रूज येथे ८११ स्थूल आणि वजनदार प्रौढांना चार गटांत विभागून चार प्रकारचे आहार दिले गेले. कोठे स्निग्धांश २० टक्के, कोठे ४०. कोठे प्रथिने १५ टक्के, कोठे २५. पिष्टमय पदार्थ ३५ टक्क्यांपासून ६५ टक्क्यांपर्यंत. एकूण उष्मांकांत मात्र सर्वांनाच सुमारे ७५० ची तूट ठेवायची होती. सहा महिन्यांनी चारही गटांत सरासरी सहा किलो उतरले. वर्षानंतर वजन हळूहळू परतू लागले आणि दोन वर्षांअखेर चारही गट तीन-चार किलोंच्या घटीवर जवळजवळ बरोबरीत उभे होते.

या अभ्यासातील एका आकड्याने मी अस्वस्थ झालो. कोणता आहार, यावर वजनातील घट अवलंबून नव्हती. पण सल्ल्याच्या बैठकांना माणूस किती वेळा आला, यावर ती ठळकपणे अवलंबून होती. हजर राहिलेल्या प्रत्येक बैठकीमागे सरासरी २०० ग्रॅम. तो आकडा वाचताना मला त्या रोखपालांचे पाठमोरे जाणे आठवले. माझ्या एका वाक्याने त्यांच्या पुढच्या सर्व बैठका मी संपवून टाकल्या होत्या.

त्यापूर्वी २००५ साली बोस्टनमध्येच १६० जणांवर अ‍ॅटकिन्स, झोन, वेट वॉचर्स आणि ऑर्निश या चार लोकप्रिय आहारपद्धतींची तुलना झाली होती. वर्षाअखेर चारही पद्धतींत सरासरी दोन ते सव्वातीन किलोंची घट झाली. पद्धतीच्या नावापेक्षा ती किती काटेकोरपणे पाळली, यावर ही घट ठरली. २०१८ साली स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर झालेल्या चाचणीत कमी स्निग्ध आहार घेणाऱ्यांचे वर्षभरात सरासरी ५.३ किलो उतरले, तर कमी पिष्टमय आहार घेणाऱ्यांचे ६ किलो. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. कोणाची जनुके कोणत्या आहाराला मानवतील, हे ओळखण्याचा प्रयत्नही तेथे झाला. तो सफल झाला नाही. या चाचणीतील दोन्ही गटांना एक सूचना समान होती : साखर आणि मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, शक्य तितके घरी शिजवलेले खा. उष्मांक मोजायला कोणालाच सांगितले नव्हते. तरीही ते घटले.

याचा अर्थ पोळी-भात कमी करू नये असा नाही. आपल्या ताटात पिष्टमय पदार्थांचा डोंगर असतो आणि प्रथिने कोपऱ्यातल्या वाटीत असतात. तो डोंगर उतरवला आणि वरण, उसळ, दही किंवा ज्यांना चालते त्यांना अंडी-मासे यांचे माप वाढवले तर पोट भरल्याचे समाधान टिकते आणि स्नायूंची झीज कमी होते. ज्यांना मधुमेह आहे त्यांची साखरही त्याने सावरते. परंतु हे आपल्या ताटाचे शहाणपण झाले. कमी पिष्टमय आहारात वजन उतरवण्याची कोणती जादू आहे, असा पुरावा मात्र मिळत नाही.

केव्हा खावे : दोनदा की सहादा?

२०१८ च्या सुमारास मराठी घरांत एका वादाने चांगलीच रंगत आणली होती. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांचा वारसा सांगत डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणत होते की, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, एरवी तोंडात काही घालू नका. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडे थोडे आणि वरचेवर खाण्याचा पुरस्कार करत होत्या. पुण्या-मुंबईतील ते वारे इंदुरातही आले. एकाच घरात सासूबाई दीक्षितांच्या आणि सूनबाई दिवेकरांच्या, असे देखावे मी पाहिले आहेत.

या प्रश्नाच्या जवळ जाणारा एक अभ्यास प्राग येथे झाला आणि २०१४ साली प्रसिद्ध झाला. मधुमेह असलेल्या ५४ जणांनी बारा आठवडे दिवसातून दोन मोठी जेवणे घेतली आणि बारा आठवडे सहा लहान. काहींनी आधी एक, काहींनी आधी दुसरे. रोजचे उष्मांक दोन्ही वेळी सारखेच कमी केलेले होते. दोन जेवणांत वजन ३.७ किलोंनी उतरले, सहा जेवणांत २.३ किलोंनी. दीक्षितपंथीयांनी हर्षित व्हावे, पण एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी : तेथील दोन जेवणे म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण. रात्री काहीच नाही. आपल्याकडे दुपारी एक आणि रात्री साडेनऊ अशी दोन जेवणे घेतली जातात. प्रागचा निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय बारा आठवडे म्हणजे आयुष्य नव्हे.

आता उपवासाकडे वळू. एक दिवस गरजेच्या चौथ्या हिश्शाएवढेच खायचे, दुसऱ्या दिवशी मोकळीक, या दिवसाआडच्या उपवासाची शिकागो येथे वर्षभर परीक्षा झाली आणि ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. शंभर सहभागींपैकी उपवास करणाऱ्यांचे वजन सरासरी ६ टक्के घटले, रोज थोडे कमी खाणाऱ्यांचे ५.३ टक्के. फरक नगण्य. मात्र उपवासाच्या गटातील ३८ टक्के लोक मध्येच सोडून गेले, दुसऱ्या गटातील २९ टक्के. घड्याळ लावून खाण्याची परीक्षा चीनमधील ग्वांगझू येथे झाली आणि २०२२ साली प्रसिद्ध झाली. १३९ स्थूल व्यक्तींना सारखेच कमी उष्मांक देऊन एका गटाला सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाण्याचे बंधन घातले. वर्षाअखेर बंधन असलेल्यांचे ८ किलो उतरले, नसलेल्यांचे ६.३. हाही फरक निर्णायक ठरला नाही. घड्याळाचा उपयोग आहे, पण तो कुंपणासारखा आहे. कुंपणामुळे ज्याचे रात्रीचे फरसाण बंद होते त्याचे वजन उतरते.

आपल्या परंपरेला एकभुक्त, नक्त, लंघन हे शब्द नवे नाहीत. त्यांचे काय झाले हे मात्र 'एकादशी, दुप्पट खाशी' या म्हणीने केव्हाच सांगून ठेवले आहे. पाऊण वाटी साबुदाणा, मूठभर दाण्याचे कूट आणि वर चमचा-दोन चमचे तूप अशी खिचडीची एक बशी सहज पाचशे उष्मांकांच्या पुढे जाते. त्यात प्रथिने असतात ती दाण्यांचीच. उपवास करणाऱ्याने देवाशी हिशेब जरूर ठेवावा, पण वजनकाट्याला तो मान्य होईलच असे नाही. आणखी एक इशारा देतो. जे मधुमेही इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने खाली आणणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांशी बोलून मात्रा बदलून घेतल्याशिवाय कोणताही दीर्घ उपवास आरंभू नये. गरोदर स्त्रिया आणि कृश वृद्ध यांनी या वाटेला जाऊच नये.

एकदम की हळूहळू?

'हळूहळू उतरवलेलेच टिकते' ही आमची ठाम समजूत होती. तिला धक्का देणारी चाचणी स्कॉटलंड आणि इंग्लंडमधील टाइनसाइड येथील साध्या कुटुंबवैद्यांच्या दवाखान्यांत झाली. सहा वर्षांहून अधिक काळ मधुमेह नसलेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या ३०६ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन ते पाच महिने रोज फक्त ८२५ ते ८५३ उष्मांकांचा तयार द्रवरूप आहार दिला. नंतर पायरीपायरीने नेहमीचे अन्न सुरू केले आणि पुढेही नियमित आधार चालू ठेवला. वर्षाअखेर त्यातील ४६ टक्क्यांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात आला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. पंधरा किलो किंवा अधिक वजन ज्यांनी उतरवले त्यांच्यात तर ८६ टक्क्यांना हे यश लाभले. दोन वर्षांनी मात्र ४६ चे ३६ झाले. ज्यांचे वजन परतले त्यांचा आजारही परतला.

ही पद्धत शक्तिशाली आहे, म्हणूनच ती वैद्यकीय देखरेखीशिवाय करू नये. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. मधुमेह आणि रक्तदाबाची औषधे वेळीच कमी केली नाहीत तर रुग्णाला भोवळ येऊन तो पडू शकतो. दुकानातील डबा आणून स्वतःच प्रयोग करणाऱ्यांना माझे हात जोडून सांगणे आहे की तसे करू नका.

उतरलेले वजन परत का चढते?

आता रोखपालांच्या प्रश्नाचे खरे उत्तर. ते त्यांना द्यायला मला सात वर्षे उशीर झाला.

२०११ साली मेलबर्न येथील संशोधकांनी ५० स्थूल व्यक्तींचे वजन दहा आठवड्यांच्या कडक आहाराने सरासरी साडेतेरा किलोंनी उतरवले आणि भुकेशी संबंधित संप्रेरके मोजली. तृप्ती देणारी संप्रेरके घटली होती, भूक चेतवणारी वाढली होती. यात आश्चर्य नव्हते. आश्चर्य पुढे होते. वर्षभरानंतरही ती संप्रेरके पूर्वपदावर आलेली नव्हती, आणि त्या माणसांना भूकही पूर्वीपेक्षा जास्तच लागत होती. देह आपले हरवलेले वजन विसरत नाही. सावकार थकबाकी मागतो तसा तो रोज दारात उभा राहून ते मागत राहतो. अशा देहाशी वर्षभर झुंजणाऱ्या माणसाला मी 'चोरून खाणारा' म्हटले होते.

अलीकडच्या इंजेक्शनांबद्दल येथेच दोन शब्द. सेमाग्लुटाइड या औषधाने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरल्याचे २०२१ साली सिद्ध झाले आणि २०२५ पासून अशी औषधे स्थूलतेसाठी आपल्या देशातही आली. ती त्या संप्रेरकांच्याच मार्गाने काम करतात, म्हणून परिणामकारक आहेत. परंतु औषध आणि मार्गदर्शन दोन्ही थांबल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आल्याचेही नोंदले गेले. थकबाकीचा नियम येथेही लागू आहे. त्यामुळे आहार असो, औषध असो वा शस्त्रक्रिया, 'किती उतरले' याच्या बरोबरीने 'पुढे काय' हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला पाहिजे.

आपला देह निराळा

आपल्याकडे हा प्रश्न आणखी बिकट का, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवून दिले. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि लंडनच्या प्रा. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. सडसडीत दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी लपून बसते, आणि ती बव्हंशी पोटात असते. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता मानावी, तसेच कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे आपल्या तज्ज्ञांनी ठरवले. काट्याबरोबर टेपही हवी. पाश्चात्त्य चाचण्यांतील आकडे आपल्याला दिशा दाखवतात, पण आपली सुरुवात त्यांच्याहून लवकर व्हायला हवी.

आमच्या स्वयंपाकघरातील हिशेब

दुसऱ्यांना सांगणाऱ्याने स्वतःचे सांगावे. २०१२ साली माझे वजन ९१ किलो होते, उंची १७० सेंटिमीटर. एका रविवारी सौभाग्यवतीने आणि मी महिन्याच्या किराण्याची यादी समोर ठेवून हिशेब केला. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत होते. लिटरमागे सुमारे ८२०० उष्मांक. म्हणजे माणशी रोज ३४० उष्मांक निव्वळ तेलाचे! आम्ही डबा तीन लिटरांवर आणला. माणशी १३५ उष्मांक वाचले आणि भाजीची चव बिघडल्याची तक्रार पंधरा दिवसांत मावळली. माझे दिवसाचे तीन चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, हे आणखी १२० उष्मांक. ती साखर सोडायला मला दोन महिने लागले. एकूण घट २५५. नव्या गणिताने तीन वर्षांत साडेदहा किलो उतरायला हवे होते. उतरले सात. उरलेल्या साडेतीन किलोंचा खुलासा लग्नसराईकडे आणि भुट्ट्याच्या किसाकडे मागावा.

रविवारचे पोहे आम्ही सोडले नाहीत. बशीभर पोहे, वर मूठभर शेव आणि शंभर ग्रॅम जिलबी मिळून साडेसातशे उष्मांक सहज होतात. आता शेव चिमूटभर असते आणि जिलबीचे एकच वेटोळे असते. रात्री दहाचे जेवण सातला आणले. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात दवाखान्याच्या आतल्या खोलीत डबा उघडतो. हे मला साधते, कारण डबा सौभाग्यवती भरून देते. ज्या घरात पुरुषाचे पथ्य पाळण्यासाठी बाईने वेगळा स्वयंपाक करावा लागतो आणि बाईचे पथ्य मात्र सर्वांची ताटे वाढून झाल्यावर उरलेल्या पोळीपाशी येऊन थांबते, त्या घरात कोणताच तक्ता टिकत नाही. पथ्य एकाचे नसते, स्वयंपाकघराचे असते. आज माझे वजन ८४ आहे. भारतीय मापाने मी अजूनही स्थूलच आहे. पण तेरा वर्षांत ते ८६ च्या वर गेलेले नाही आणि रक्तदाबाची एक गोळी कमी झाली आहे.

आता मी काय करतो

तो छापील तक्ता मी केव्हाच फाडून टाकला. आता मी विचारतो : आपण रोज काय खाता ते सांगाल का? दिवसातील कोणते खाणे सोडणे आपल्याला सर्वांत सोपे जाईल? घरात स्वयंपाक कोण करते, आणि त्यांना पुढच्या वेळी बरोबर आणता येईल का? ज्याला मोजणे आवडते त्याने मोजावे. ज्याला घड्याळ सोपे वाटते त्याने सातनंतर खाणे बंद करावे. ज्याला भात प्राणप्रिय आहे त्याच्याकडून भात हिसकावून घेऊ नये, त्याच्या तेलाकडे पाहावे. ज्याचा मधुमेह नवा आहे आणि मनाची तयारी आहे, त्याच्याशी झपाट्याच्या पद्धतीविषयी बोलावे. मूळ वजनाच्या पाच ते सात टक्के घट टिकली तरी रक्तदाब आणि साखर सुधारू लागतात, हे पहिल्याच दिवशी सांगावे. आणि शेवटी मी एक वाक्य न चुकता सांगतो : "वजन वाढले तर अवश्य या. तेव्हा तर आधी या."

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. दोनदा, सहादा की सोळा तास, या वाटांमधला फरक एखाद-दुसऱ्या किलोचा आहे. वाट धरून ठेवणारा आणि सोडून देणारा यांच्यातला फरक त्याहून फार मोठा आहे. जी वाट आपल्याला पाच वर्षे चालता येईल ती निवडावी, आणि ती चालताना कोणाला तरी सोबत घ्यावे. तेव्हा श्रीखंड अर्धी वाटी घ्यावे आणि उरलेली अर्धी भाऊजींना द्यावी. त्यांचाही हिशेब मी तपासणार आहे.

रोखपाल गृहस्थ आता निवृत्त आहेत. त्या विवाहसमारंभानंतर दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो आणि त्यांची क्षमा मागितली. तेव्हापासून ते दर दोन महिन्यांनी दवाखान्यात येतात. वजन कधी ८८ असते, कधी ९१. दुसऱ्या डोळ्याची दृष्टी शाबूत आहे. काट्यावर उभे राहताना ते अजूनही थोडे संकोचतात. तेवढा वेळ मी खिडकीबाहेर पाहतो, आकडा त्यांनाच वाचू देतो, आणि मग आम्ही बसून बोलतो.